दोन जर्नलं, एक हात

माझ्या दवाखान्यातलं जुनं कपाट रिकामं करताना डांबरगोळ्यांच्या वासातून मध्येच शिसपेन्सिलीचा वास आला आणि माझा हात थांबला. आवराआवर करताना मी नेहमी तीन रकाने आखते: टाकायचं, द्यायचं, ठेवायचं. दुपारपर्यंत काम झरझर उरकलं होतं. मग खालच्या कप्प्यात, एक्स-रेच्या पाकिटांखाली, खाकी कव्हरातलं माझं बारावीचं जीवशास्त्राचं जर्नल निघालं. ते कुठल्याच रकान्यात बसेना. ते हरवलंय, असं मी ऐंशीच्या दशकात एका माणसाला सांगितलं होतं.

आमच्या वेळी मेडिकलचा प्रवेश बारावीच्या शास्त्र विषयांच्या बेरजेवर ठरायचा. मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, माझी मैत्रीण राहायची. दहावीत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. तरी मी टाऊनमधल्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, नावाजलेल्या कॉलेजात गेले, कारण माझ्या घरी त्या नावाचं फार अप्रूप होतं. आणि तिने घराजवळचं नवं कॉलेज घेतलं. तिचे बाबा मालवणकडचे, भांडुपच्या कारखान्यात फिटर. "पेपर सगळ्यांका एकच ना गो? मग इतक्या लांब कित्याक जावचा?" ते मला विचारायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. अशा सरळ माणसांनीच तेव्हाची उपनगरं भरलेली होती आणि ती सगळी एकाच गोष्टीवर विसंबून होती, की पेपर सगळ्यांना एकच असतो.

मला चित्रं यायची नाहीत. रविवारी दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून ती माझं जर्नल बघायची आणि कपाळावर हात मारायची. "अगं, हा बेडूक आहे की बटाटा? वाट लावलीस ना पानाची! आण इकडे." मग तासलेल्या पेन्सिलीने ती आधी तिच्या जर्नलात आणि लगेच माझ्या जर्नलात तीच आकृती काढायची. झुरळाची पचनसंस्था, जास्वंदीचा उभा छेद, बेडकाचं हृदय. मी नुसती नावं लिहायचे, पट्टीने रेषा मारून, व्यवस्थित. तेवढं मला छान जमायचं.

जर्नलला दहा गुण होते. आमच्या कॉलेजात ते पूर्ण द्यायची रीतच होती. नावाला बट्टा लागायला नको ना! तिच्या कॉलेजात मात्र कुणाला पूर्ण गुण देणं आगाऊपणाचं वाटायचं. मला दहा मिळाले, तिला सात. लेखी पेपरांत ती माझ्या पुढेच होती. तरी मेडिकल कॉलेजच्या फलकावर यादी लागली तेव्हा माझं नाव तळाशी होतं आणि तिचं नव्हतं. ती एका गुणाने राहिली. फलकासमोर तिने माझा दंड घट्ट धरला होता. "तुझं आहे गं," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा वरपासून वाचायला लागली.

दोन दिवसांनी तिचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे राहिले, मागे ती. बोर्डाच्या साहेबाला भेटायला निघाले होते. "तुझा जर्नल दे गो. दोनय बाजूबाजूक ठेवतंय. हात एकच आसा, ता कोणाकय दिसात." जर्नल आत माझ्या टेबलावर होतं. ते साहेबाच्या टेबलावर गेलं असतं तर तिला न्याय मिळालाच असता, असं नाही. पण पहिल्या पानावर, हे काम माझं स्वतःचं आहे, या मजकुराखाली माझी सही होती. मी म्हणाले, "काका, कॉलेजने परतच दिलं नाही. हरवलं बहुतेक." तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबल दारातून दिसत होतं. "चला बाबा," ती म्हणाली, "नाही मिळायचं ते."

ती आता इथे मुलुंडच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमची मैत्री तुटली नाही; तुटली असती तर मला सोपं गेलं असतं. काही वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ती त्यांना माझ्याकडेच घेऊन आली. कुठे अडथळा आहे ते समजावताना मी कागदावर हृदय काढायला गेले. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "दे इकडे. परत बटाटा काढलास." चार-पाच रेषांत हृदय उभं राहिलं. बाबांनी तो कागद बराच वेळ पाहिला, घडी करून खिशात ठेवला. "हात तोच आसा," ते म्हणाले. बघत मात्र माझ्याकडे होते.

आता ते नाहीत. जर्नलमधली पेन्सिल पुसट झालेली नाही. माझी शाईची नावं तेवढी तपकिरी पडली आहेत. शेवटी मी ते 'द्यायचं' या रकान्यात लिहिलं. तिचं घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. यादीतली बाकीची सगळी कामं त्याच आठवड्यात झाली.