नवसीचा रविवार

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायची तर नवसीकडे, असं डोंगराकडची कुठलीही बाई सांगेल. पाणी लागलेला बोंबील नवसी चांगल्या मालात मिसळत नाही, दिलेला शब्द मोडत नाही आणि रविवारी गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी दुकान उघडत नाही. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी वारली बाई पक्क्या दुकानाची मालकीण झाली ती या गुणांवरच, असं तिच्या ख्रिस्ती मंडळीतले विश्वासी लोक मानतात. नवसीही तसंच मानायची.

म्हणून तर पास्टर प्रदीप यांनी तिला येत्या रविवारी सगळ्यांसमोर साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला बोलावलं. विश्वासी माणसाने धंदा कसा करावा, हा विषय. पास्टर भला माणूस. जन्मात मिठाची पुडीसुद्धा विकलेली नाही, त्यामुळे धंद्यावर ते फार उत्साहाने बोलतात.

"तुम्ही रविवारचंच सांगा, नवसीबाई," ते म्हणाले. "देवाचा दिवस पाळलात, म्हणून देवाने तुम्हाला वाढवलं."

नवसीने मान हलवली. रविवार म्हटलं की तिला चंद्रकांता आठवते, हे पास्टरांना कुठून ठाऊक असणार?

समुद्रकाठच्या दांडी गावच्या या चंद्रकांताने तिला धंद्यात आणलं होतं. नवसीची पहिली पाटी तिनेच भरून दिली. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूवर कशा टांगायच्या, नीट सुकलेला बोंबील हाताला कसा लागतो, सगळं तिनेच शिकवलं. पुढे दुकान झालं तरी नवसीचा माल चंद्रकांताच्याच अंगणातला. दोघी एका ताटात जेवायच्या. नवसीला सख्खी बहीण नव्हती आणि तिची उणीवही कधी भासली नाही.

मागे एका थंडीत, रविवारी सकाळीच, चंद्रकांताचा फोन आला. नवसी चांगली साडी नेसून उपासनेला निघाली होती.

"नवसे, आभाळ भरून आलंय गो. बोंबील सगळा सुकलाय, पन घरात ठेवू कुठं? पोरगा होडीवर हाय. टेम्पो घेऊन ये."

नवसीचा नवरा चिंतू टेम्पोची चावी हातात घेऊन उभाच राहिला. नवसीने त्याला हातानेच थांबवलं.

"बाय, आज रविवार. आज मी धंद्याला हात लावत नाय. उद्या पहाटेच येते."

पलीकडून चंद्रकांता "बरं," एवढंच म्हणाली. गळ घालायचा तिचा स्वभाव नव्हता. नवसी उपासनेला गेली आणि खरं सांगायचं तर मोह टाळल्याचा तिला अभिमानच वाटला. गाणी चालू असताना पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला.

शब्द दिल्याप्रमाणे ती दुसऱ्या दिवशी पहाटे दांडीला हजर झाली. चंद्रकांता फुगलेले, वास मारणारे बोंबील बांबूवरून उतरवत होती. त्यातलेच मूठभर तिने पुढे केले.

"यातलं काय निवडून घेशील?"

नवसी सगळ्यांना जे सांगायची तेच तिच्या तोंडून निघून गेलं. "पानी लागलेला माल मी घेत नाय, बाय."

खोटं त्यात काही नव्हतं. चंद्रकांताने मूठ सोडली आणि पाठ फिरवली. त्यानंतर तिने मासळी सुकवली नाही. बांबू विकून टाकले आणि बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. बाजारात नवसी दिसली की ती वाट बदलते.

साक्षीत काय बोलावं, याची नवसी मनाशी जुळवाजुळव करत होती. तेव्हा तिला बायबलमधली ऐकून ऐकून पाठ झालेली गोष्ट आठवली. विसाव्याच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुमच्यातला कोण त्याला वर काढणार नाही, असं प्रभूने विचारलं होतं. इतकी वर्षं ती या गोष्टीला आमेन म्हणत आली होती. आज त्या खड्ड्यात तिला चंद्रकांता दिसली.

रविवारी मंडळी तिची वाट बघत राहिली. ती चिंतूला घेऊन टेम्पोने दांडीला गेली.

चंद्रकांता ओट्यावर तांदूळ निवडत होती. समोरचं अंगण मोकळं पडलं होतं.

"आज रविवार ना गो?" तिने विचारलं.

"हाय."

"मग तुजी उपासना?"

"चालू हाय. मी नाय गेली." नवसी तिच्यासमोर ओट्यावर बसली. "मी चुकली, बाय. देवानं मला आडवलं नवतं. मीच आडून बसली. परत सुकवायला घे. तू बोलावशील त्या दिवशी येईन, रविवारी पन येईन."

चंद्रकांताने तिला पाणी आणून दिलं. मग तिने दारातल्या टेम्पोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर नवसीला बरं वाटलं असतं.

"म्हंजे रविवारी येता येत होतं तुला," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.