जिवंत आहात का, कळवा

कॅन्सरच्या दवाखान्यात कसले आलेत किस्से, असं लोक म्हणतात. अहो, फाइलींना कपाट तरी होतं, किस्से ठेवायला जागा पुरली नाही!

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात माझं काम एकच होतं. गालातल्या, मानेतल्या मऊ मांसात आलेली कॅन्सरची गाठ काढलेल्या पेशंटना दरवर्षी जोडकार्ड घालायचं. अर्ध्या कार्डावर आमची चौकशी, अर्धं उत्तरासाठी कोरं. आलेलं उत्तर रजिस्टरात चढवायचं. पाच वर्षांनंतर किती जण जगले, ते डॉक्टरांना हवं होतं. शिवाय गाठ परत आलीच, तर वेळेत सापडायला हवी होती.

कोडोलीच्या एका पावण्यांनी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. चौथ्या वर्षी आले ते मानेवर लिंबाएवढी नवी गाठ घेऊन. मी तडकलेच, "इतकी पत्रं घातली, आला का नाहीत?"

"तवा बरा हुतो की. बरा माणूस दवाखान्यात कशाला यील?"

दुसरं ऑपरेशन झालं, वाचले. पुढच्या वर्षी पुन्हा गायब. म्हणजे बरेच असणार!

गालाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी मात्र न चुकता यायच्या. एकदा तोंड उघडलं, तर दात काळेकुट्ट. "आजी, तंबाखू सोडला म्हणालात ना?"

"सोडला की. ही मिश्री हाय."

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे डॉक्टरांनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डबी त्यांच्यापुढे धरली.

कळंब्याचे एक मास्तर तर कार्ड नाचवतच आले. "उघड्या कार्डावर कॅन्सर लिहिता? पोस्टमननं गल्लीला वाचून दाखवलं. घरात मुलीचं लग्न ठरतंय." चूक आमचीच होती, मी माफी मागितली. पुढे नुसतं 'तपासणीला या' लिहायला लागले, तर लोक उलट विचारायचे, "कसली?"

हुपरीच्या एका चांदी कारागिराची गाठ मोठी होती, डॉक्टरांनाही फारशी आशा नव्हती. पण दरवर्षी उत्तर यायचं, 'तब्येत ठीक आहे. कामाला बसतो. आपण कसे आहात?' आमची विचारपूस करणारा हा एकच पेशंट. पाच वर्षं पुरी झाली तेव्हा डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "एकदा बघून तरी या."

एस.टी.नं गेले. बायको पैंजणाला घुंगरं जोडत बसली होती. भिंतीवर त्यांचा फोटो, फोटोला हार. ऑपरेशननंतर दुसऱ्याच वर्षी वारले होते. पत्रं ती लिहायची.

मला संताप आवरेना. "अहो बाई, गेले म्हणून एक ओळ लिहायची. आमचं सगळं रजिस्टर खोटं पडलं."

तिनं हातातलं पैंजण खाली ठेवलं.

"लिवलं असतं की. मग फुडल्या वर्सी त्यास्नी 'कसं हायसा' म्हणून कुणी इचारलं असतं?"