बांध घातलेलं मैदान

मला नको तिथे चौकशा करायची खोड आहे. बायको म्हणते, माझ्या नाकाला पाय असते तर ते माझ्या आधी लोकांच्या घरात शिरलं असतं. मुलीला शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून घेतलं, तेव्हा बाकीचे पालक खेळ बघायचे आणि मी मैदान बघत बसायचो.

इथल्या शाळांच्या मैदानांचं मला जुनं कुतूहल आहे. मी कुवेतमध्येच शिकलो. आमची शाळा भाड्याच्या व्हिलात होती, मैदान म्हणजे मागची रेताड मोकळी जागा आणि गोल म्हणजे रंगाचे दोन रिकामे डबे. पुढे शाळांनी स्वतःच्या इमारती बांधल्या, अंगणात सिमेंट ओतलं आणि पोरांचे गुडघे सोलायची कायमची सोय केली. आता कॉलेजची मुलं एगैला उपनगराच्या बाजूला तासाचं भाडं देऊन प्लास्टिकच्या हिरव्या गवतावर खेळतात. रिग्गईतली मुलीची शाळा मात्र अजून मातीच्याच मैदानावर होती. आणि त्या मैदानाला चारही बाजूंनी गुडघाभर उंच बांध होता.

भातशेताला असतो अगदी तसा. वाळवंटात याचं काय काम, हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला. खेळाचे सर म्हणाले, प्रेक्षकांना बसायला असेल. शाळेच्या हारिसचं, म्हणजे राखणदाराचं, म्हणणं होतं की वाळू अडवायला. बसचा ड्रायव्हर म्हणाला, भिंत बांधायची राहून गेली असेल. प्रत्येकजण इतक्या ठामपणे सांगायचा की मला कुणाचंच पटेना. एका कोपऱ्यात माती झिजून आतला ट्रकचा टायर दिसत होता, तो मी बोटाने उकरून बघितला. मुलगी लाजून अर्धी झाली.

"अब्बा, इट्स जस्ट मड," ती म्हणाली.

तिचा बारावीचा शेवटचा सामना शनिवारी होता. त्याआधी बुधवारी-गुरुवारी असा पाऊस झाला की रस्त्यावरच्या गाड्या बुडाल्या. शुक्रवारी सकाळी आम्ही मैदान बघायला गेलो. बाहेरचं पाणी केव्हाच ओसरलं होतं, पण मैदान मात्र काठोकाठ भरलेलं. लावणीला तयार, फक्त रोपं तेवढी आणायची बाकी होती. सरांनी सांगितलं, मैदान तयार नसेल तर नियमाप्रमाणे समोरच्या शाळेला विजय मिळतो. मुलगी हातमोजे घडी घालून बॅगेत ठेवत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

भातशेत आणि ट्रकचा टायर एकत्र आले की मला एकच माणूस आठवतो. माझे चाचा. उभी हयात इथल्या शुवैखच्या गॅरेजात काढून आता ते रत्नागिरीजवळ गावी राहतात. त्यांचा मुलगा याच शाळेत शिकला. मी तिथूनच फोन लावला.

मी मैदानाचं सांगितलं, तसे ते म्हणाले, "अरे, आमचा बांध हाय अजून?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. तेव्हा ती जागा नुसती मोकळी होती. मुलं खेळायला लागली की टॅक्सीवाले आणि पाण्याचे टँकर आत येऊन उभे राहायचे. चाचा आणि कॉन्ट्रॅक्टवर आलेले गावाकडचे काही सडेफटिंग सुतार, वेल्डर शुक्रवारी जमायचे. त्यांनी गॅरेजातले जुने टायर आडवे टाकले, त्यावर माती ठोकून बसवली. बांध घातला की जागा कुणाची तरी दिसते, मग तिथे कुणी गाडी लावत नाही, असा त्यांचा हिशोब होता. आणि तो बरोबर निघाला.

मी विचारलं, पण पाणी जायला वाट का नाही ठेवली? तुम्ही सगळे शेतकऱ्यांचे मुलगे. चाचा खो खो हसले. गावात बांध ते दर वर्षी दुरुस्त करायचे, पण पाण्याची वाट आजोबांच्याही आधीपासून तयार होती. ती मुद्दाम ठेवावी लागते, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात पोरांनी त्यात कागदी होड्या सोडल्या. मग उताराच्या बाजूचा एक टायर काढून पाणी सोडलं होतं.

उतार मी उकरलेल्या कोपऱ्याकडेच होता. हारिसने फावडं दिलं, सरांनी बाह्या वर केल्या. मुलीने हातमोजे चढवले आणि सगळ्यांत जास्त जोर तिनेच लावला. टायर निघाला तसं पाणी धो धो बाहेर पडलं.

शनिवारी चिखलात सामना झाला. आमची शाळा हरली, मुलीने दोन गोल खाल्ले, पण खेळून हरली. चाचांना मी फोनवर सगळा सामना दाखवला. त्यांचं लक्ष चेंडूपेक्षा बांधाकडे जास्त होतं.

सगळे गेल्यावर मी गाडी काढली, तर मुलगी शेजारी नाही. बघतो तर ती चिखलाने माखलेली, तो टायर एकटीच ढकलत कोपऱ्याकडे चाललेली. मी म्हटलं, राहू दे की आता, तुझी शाळा तर संपत आली.

तिने टायर जागेवर लोळवला, वर माती ओढली आणि पायाने दाबत म्हणाली, "उघडं ठेवलं तर उद्या गाड्या आत येतील, अब्बा."