पुठ्ठ्याचा डोंगर आणि मेंढरांची वाट

वैशालीचा फोन आला तेव्हा मी एका बिल्डरसाठी बोटाच्या पेराएवढी नारळाची झाडं चिकटवत बसले होते. "तुला पुठ्ठा कापता येतो ना? मग बीड जिल्ह्यात ये. डोंगर करायचाय!" गावकऱ्यांनी आपल्या शिवाराचा नकाशा आपणच करायचा, तोही सपाट कागदावर नाही, तर उंचसखल प्रतिकृतीवर, असं तिचं काम. गावाकडून तो करून घेणारी माणसं ती तयार करते. सरकारी मराठीत त्यांना सुलभक म्हणतात. पुठ्ठाकाम शिकवणाऱ्या तिच्या बाई ऐन वेळी आजारी पडल्या होत्या. इमारतींच्या प्रतिकृती करण्यात माझी हयात गेली, डोंगर कधी केला नव्हता. तरी हो म्हणून मोकळी झाले.

संभाजीनगरहून परभणीमार्गे रेल्वेनं परळी वैजनाथ गाठलं. तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सरता सरता जा आणि खिडकी सोडू नका. ओल्या काळ्या रानाला असा रंग असतो की नुसतं बघत राहावं. परळी जवळ आल्याची खूण म्हणजे वीज केंद्राच्या चिमण्या, आणि दुसरी खूण म्हणजे राखेमुळे दर थोड्या वेळानं पुसावा लागणारा चष्मा. पहाटे वैजनाथाचं दर्शन घेतलं, मग बाहेरच्या गाड्यावर सुशीला खाल्ली. घाबरू नका, हा चुरमुऱ्यांचा झणझणीत नाश्ता आहे आणि दोन प्लेट सहज जातात. पुढे काळीपिवळी जीप. पन्नास रुपयांत मांडीवर पुठ्ठ्याचा गठ्ठा, पायाशी कुणाची तरी कोंबडी आणि समोर बालाघाटचे डोंगर.

गावाचं नाव लिहीत नाही. आपला नकाशा कुणाला दाखवायचा हे गावानं ठरवायचं असतं, आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

मुक्काम शाळेत. जेवायला ज्वारीची भाकरी आणि भाजलेल्या डाळी-मसाल्याची येसर आमटी. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबेना. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, म्हणून शिबिर आधीच उरकायचं होतं. शिकायला दहा-बारा जण आले होते. काम म्हटलं तर सोपं. कागदी नकाशावरची उंचीची एकेक रेषा म्हणजे पुठ्ठ्याचा एकेक थर. तो कापायचा, चिकटवायचा, वर कागदाचा लगदा लिंपायचा आणि रंग द्यायचा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वर्गात दोन दारांएवढा मुलूख उभा राहिला. कोरा. ना रस्ता, ना विहीर, ना कशाचं नाव.

सकाळी गाव बघायला आलं. एक म्हातारी प्रतिकृतीभोवती फिरली, मग गुडघे टेकून डोळा डोंगराच्या उंचीला आणला आणि ओरडली, "अगं बया, ही आपली खिंड! आमी हितूनच सरपणाला जातो!" मी नुसत्या रेषा कापत गेले होते आणि त्यातून तिची खिंड निघाली होती! मग ती खिंड बघायला अशी झुंबड उडाली की वैशालीला दार अडवावं लागलं.

शिकणाऱ्यांत रुक्मिण होती. बारावी झालेली, गावातलीच सून. वैशालीचा एकच कडक नियम होता. सुलभकानं हात मागे बांधायचे. वाटा-रस्ते दाखवायची टाचणी, लोकर, रंग सगळं गावकऱ्यांच्या हातात. चुकलं तरी आपण दुरुस्त करायचं नाही, फक्त विचारायचं. शेवटच्या दिवशी रुक्मिणनं एकटीनं बैठक घ्यायची होती. ती नीट झाली तर वैशाली तिला दुसऱ्या गावांच्या कामाला नेणार होती.

आदल्या दिवशी रुक्मिणनं मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "ताई, उद्या मेंढरांची वाट निघंल. ती आमच्या रानातून जाती."

डोंगरावरून तलावाकडे उतरणारी मेंढरांची जुनी वाट तिच्या सासऱ्यांनी, भानुदासरावांनी, नांगरून टाकली होती. तेव्हापासून खंडूआबासारखे मेंढपाळ डांबरी रस्त्यानं वळसा घालतात, आणि गेल्या वर्षी एका भरधाव गाडीखाली त्यांची कोकरं गेली. "न्हाई विचारलं तर आबाची मेंढरं रस्त्यावर," रुक्मिण म्हणाली. "विचारलं तर मला त्याच घरात जायचंय." वैशालीला सांगू का म्हटलं, तर रुक्मिणच म्हणाली, नको.

बैठकीला भानुदासराव पुढेच बसले होते. रुक्मिणच्या डोक्यावर पदर, हात मागे. खंडूआबा या वयस्कर मेंढपाळानं पिवळी लोकर घेतली, खिंडीतून खाली आणली आणि नेमकी भानुदासरावांच्या बांधाशी थांबवली. टाचणी हातातच राहिली.

"आबा, मेंढरं तिथंच थांबायची का?" रुक्मिणनं विचारलं. "पुढं कुठं जायची?"

आबानं एकदा भानुदासरावांकडे पाहिलं. मग लोकर सरळ तलावाकडे ओढली, ती त्यांच्या विहिरीवरून. चुकून की मुद्दाम, मला आजही सांगता येणार नाही. रोज तिथलं पाणी भरणाऱ्या रुक्मिणला ती चूक कळली नसेल असं होणं शक्य नव्हतं. पाठीमागे तिची बोटं एकमेकांत रुतली होती. ती एवढंच म्हणाली, "सगळ्यांला बरोबर वाटतंय का?"

"कशाचं बरोबर?" भानुदासराव ताडकन उठले. "मेंढरं काय हिरीत घालता का रं? वाट बांधाच्या कडंनं हुती, लिंबाखालून! म्या ल्हान असताना आज्याची भाकर घेऊन ह्याच वाटनं गेलतो की!" त्यांनी आबाच्या हातातून लोकर घेतली आणि स्वतः लिंबाखालून तलावापर्यंत लावली. टाचणी टोचली. आणि मग आपण काय केलं ते त्यांना दिसलं.

भानुदासरावांनी टोपी सारखी केली आणि ते निघून गेले.

"आणखी कुणाला काय सांगायचंय?" रुक्मिणनं विचारलं. वीस वर्षांत मी मोठमोठ्या लोकांच्या बैठका पाहिल्या आहेत. इतकी हिंमत त्यांतल्या कुणाच्यात दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपपाशी निरोप द्यायला आली. घरी काय म्हणाले विचारलं, तर मान हलवली. "काय न्हाई. माझ्याशी बोलतच न्हाईत."

घरी येऊन पुन्हा नारळाची झाडं चिकटवायला लागले. नखातला हिरवा रंग यथावकाश गेला. प्रतिकृती गावाचीच, ती शाळेत आहे. माझ्याकडे राहिली ती रुक्मिणची काळजी. आम्ही आलो, डोंगर केला आणि परतलो. त्या घरात राहायचं होतं तिला. हे बरं केलं का, असं मी वैशालीला विचारलं, तर ती म्हणाली, "पुढच्या गावाला मी तिला नेणारच, पण घरचं माझ्या हातात नाही."

ज्वारीच्या पेरण्या उरकल्यावर रुक्मिणचा फोन आला. "ताई, मामंजींनी पेरताना लिंबाखालची पट्टी सोडली. कुणाला सांगितलं न्हाई, नुसती सोडली."

"आणि तुझ्याशी बोलतात का?"

"आज बोलले. आबाची मेंढरं तिथून पाण्याला उतरली, मामंजी बांधावर बघत हुते. मग घरात आले आन् म्हणले, चा टाक, आबाबी हाय."

लांबून घंटांचा आवाज येत होता. "थांबा ताई," ती म्हणाली, "दूध उतू चाललं."