सुभेदारांची तळ्याकाठची वाट

आमचे सुभेदार नाथाजी अठ्ठावीस वर्षं फौजेत होते आणि तेवढ्या काळात त्यांनी कुणाला वाट विचारली नाही. याचा त्यांना भारी अभिमान. मी हुसेन, मेढ्यात सायकली दुरुस्त करतो. तो अभिमान ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

ते निवृत्त होऊन आले ऐन मे महिन्यात. घरी बसवेना. धरणाच्या तळ्याला वळसा घालून चालायची नि सायकलची तीस किलोमीटरची वाट शोधायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. दोघं मिळून हिंडलो. वाट झकास सापडली, काठाकाठानं. दगडांवर लाल बाण रंगवले. ऑक्टोबरातल्या एका रविवारी इस्लामपूर, आटपाडीकडची चाळीस माणसं सायकली घेऊन येणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी सकाळी शेवटची पाहणी करायला सायकलींवर गेलो, तर दुसऱ्याच वळणावर बाण पाण्यात. पुढचा सहा किलोमीटरचा टप्पा सगळाच पाण्याखाली! पावसाळ्यात धरण भरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आम्हा दोन शहाण्यांना मात्र मे महिन्यात ते सुचलं नव्हतं.

"हुसेन, चाळीस मानसांपुढं इज्जत गेली रं," म्हणत सुभेदार मटकन खाली बसले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

तेवढ्यात वरच्या झाडीतून हरणाबाई म्हशी हाकत आली. सत्तरीची बाई, सारा जन्म याच काठावर गेलेला. मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग उठले, टोपी काढली.

"आवं मावशी, पल्याडच्या गावाला जायला वरनं वाट हाय का?"

"हाय की. मग रोज म्हशी कुठनं नेते मी? चल माज्या मागनं."

वाट अरुंद होती, दोन ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागली. पण दोन तासांत पलीकडच्या गावचा रस्ता दिसला आणि त्याच्या कडेला आमचा लाल बाण, ठणठणीत कोरडा. माझा जीव भांड्यात पडला.

"उद्याच्या मानसांना सांगून ठेव," हरणाबाई म्हणाली, "म्हशी पुढं, सायकली मागं."

"व्हय मावशी," सुभेदार म्हणाले.

परतताना ते हरणाबाई, म्हशी आणि माझ्याही मागे रेंगाळत होते. मी विचारलं, "दमलात काय?"

"न्हाई रं. अठ्ठावीस वरसं पुढं चाललो. पुढच्याला चुकायची सोय नसती. मागं चालायला लय हलकं वाटतंय, गड्या."