बोस्टनच्या बसमधला अनवाणी माणूस

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींतली बाई नाही. रत्नागिरीत एका खासगी लॅबमध्ये एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासलं. कुणाला 'बाहेरचं' झालंय म्हणून आणलं की आधी मलेरियाची काच बघायची... बहुतेक वेळा बाहेरचं तिथेच सापडायचं. इथे ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

हातखंब्याच्या अलीकडे, हायवेपासून चालत दहा मिनिटांवर आमचं ठिकाण, म्हणजे आंब्याची बाग आहे. आहे नाही, होतं. अजून जीभ वळत नाही मेली. कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून बावीस कलमं मी आणि माझ्या सासऱ्यांनी लावली. राहायला आम्ही रत्नागिरीत फ्लॅटमध्ये, पण आठवड्यातून दोनदा मी तिकडे जायचेच. सासरे जाताना म्हणाले होते, "सूनबाय, ही बाग तुझी." कागदावर मात्र नावं दोघा भावांची, म्हणजे ह्यांचं आणि माझ्या धाकट्या दिरांचं. हायवे रुंद झाला तशी गिऱ्हाइकं यायला लागली. तेव्हा मी ह्यांना देवासमोर उभं केलं. हे म्हणाले, "तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही." मी विश्वास ठेवला. नवरा आहे, ठेवणारच ना!

आंबे उतरवून झाल्यावर आम्ही सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं. आमच्याकडे प्रत्येक ठिकाणाला राखणदार असतो, त्या जागेची राखण करणारा देव. बांधाच्या कोपऱ्यात त्याचा शेंदूर लावलेला दगड. घर सोडून लांब जायचं तर घरच्या मोठ्या पुरुषानं त्याच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं सांगायचं, की बाबा, आम्ही येईपर्यंत सांभाळ. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी म्हणायचं, "होय महाराजा!" माझा विश्वास होता असं नाही. पण रीत म्हणजे रीत.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गेलो. हे, मी, भाऊजी आणि जाऊबाई. ऐन वेळी हे म्हणाले, "हळदकुंकू गाडीत राहिलं वाटतं, आण जा." मी परत येते तर गाऱ्हाणं सुरूही झालेलं. ह्यांची पाठ माझ्याकडे, आवाज पुटपुटल्यासारखा, शब्द काही कळेना. पण भाऊजींनी "होय महाराजा" म्हटलं तसं मी बांधावरूनच सवयीनं खणखणीत ओरडले, "होय महाराजा!" जाऊबाईनं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, फार जोरात ओरडले.

अमेरिकेत पोचलो आणि ह्यांनी मला चाटच पाडलं! हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. वेळापत्रक दिसलं की ह्यांची कळी खुलते. म्हणाले, "मुलाच्या गाडीची वाट कशाला बघायची? आपण दोघंच फिरू. ट्रेननं, बसनं. दोन-दोन दिवसांच्या सहली." अहो, लग्न झाल्यापासून ज्या माणसानं मला गुहागरच्या पलीकडे फिरायला नेलं नव्हतं, तो मला फिलाडेल्फिया दाखवणार! मी पोरीसारखी हरखले. थालीपिठं, चटणी, पाण्याची बाटली... सगळं आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं. माझा फोन तेवढा ह्यांनी मुलाच्या घरी ठेवायला लावला. "तुझ्यात इथलं सिम नाही, उगाच हरवशील." मलाही ते पटलं. जाऊबाईचा रोज सकाळी व्हिडिओ कॉल यायचा, तो दोन दिवस नाही घेतला तर काय बिघडतंय!

फिलाडेल्फियाची ट्रेन सकाळी सातची. स्वच्छ ऊन होतं, डबा अर्धा रिकामा. कंडक्टर येऊन तिकिटं बघून गेला. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला आणि हे दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन बोलायला लागले. मी समोर बघितलं तर पलीकडच्या सीटवर एक म्हातारा बसलेला. कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं, हातात काठी. पाय अनवाणी, आणि घोट्यापर्यंत लाल धूळ. हो, आपली कातळावरची लाल धूळ! तो माझ्याकडे बघतच नव्हता. काचेतून फोनवर बोलणाऱ्या ह्यांच्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, जेट लॅग. मी चष्मा पुसून परत घातला, तरी तो होताच. हे परत आले, त्याच सीटवर पिशवी ठेवली, तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. साखर तपासून घेतली पाहिजे, एवढं मनात म्हटलं. दिवसभर मग तिथली ती प्रसिद्ध तडा गेलेली घंटा बघितली, बाकावर बसून थालीपीठ खाल्लं, ह्यांनी माझा फोटो काढला. फार छान दिवस गेला.

पंधरा दिवसांनी बोस्टन, ह्या खेपेस बसनं. तिथल्या बंदराला आमच्या मिरकरवाडा बंदरासारखा मासळीचा वास नाही म्हणून मी खट्टू झाले, तर हे हसून म्हणाले, "तुला मेलीला बांगडाच हवा इथेही!" इतकं गोड बोलणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. परतीच्या दिवशी सकाळी बस सुटायच्या आधी परत फोन आला आणि हे खाली उतरून बोलायला लागले. माझ्या शेजारची सीट कुणीतरी दाबल्यासारखी खचली. बघते तर तोच. इतका जवळ की कांबळ्याला येणारा धुराचा वास आला. ह्या वेळी तो माझ्याकडे बघत होता. डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाला,

"बाय, माजं काय ठरवलाव? मी कुटं ऱ्हवू?"

मला भीती नाही वाटली हो. आपल्याकडचा म्हातारा, परक्या मुलखात चुकलाय, एवढंच वाटलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बाबा, घरी जा. आम्ही परत येतोय. तुमची जागा कुठे जातेय?" त्यानं मान हलवली. काठी टेकत उठला, आणि बसमधून उतरताना मी त्याला स्पष्ट बघितलं... हे दारातच उभे होते, त्यांच्या अंगावरून गेला. ह्यांना काहीच दिसलं नाही. पण खाली बघितलं तर माझ्या पायाशी लाल माती! मी लॅबवाली बाई, टिश्यू काढला आणि ती उचलून पर्समध्ये ठेवली.

तिसरी सहल वॉशिंग्टनची. तिथे मी ट्रेनभर त्याला शोधत होते. तो आला नाही, आणि मला बरं वाटलं. पोचला असेल घरी, म्हटलं. हे फोनवरून परत आले ते हसतच, मला आइस्क्रीम घेऊन दिलं.

रत्नागिरीला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून ठिकाणावर गेले. कलमं नाहीत. बावीसच्या बावीस नाहीत. जेसीबी उभा, कातळ सपाट. मी तिथेच खाली बसले. जाऊबाईला फोन लावला, ती रडतच आली.

"वैनी, तुमाला खरंच ठावं न्हाय? मला वाटलं, तुम्हीच हो म्हटलाव. तुमाला वाईट वाटंल म्हणून फोनवर विषय काढला न्हाय."

तिनं सगळं सांगितलं. ह्यांनी निघण्यापूर्वीच भाऊजींच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं. आम्ही फिलाडेल्फियाला होतो त्या दिवशी साठेखत, बोस्टनला होतो तेव्हा मोजणी, वॉशिंग्टनच्या दिवशी खरेदीखत. भाऊजी इथून संध्याकाळी फोन करायचे, तेव्हा तिकडे सकाळ. त्या दिवसांत जाऊबाई माझ्याशी बोलता बोलता काही सांगून बसेल, म्हणून माझा फोन घरी आणि मी सहलीला! माझ्या आयुष्यातल्या त्या तीन सहली... आता फोटो बघवत नाहीत.

"आणि गाऱ्हाणं?" मी विचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "मोठे भावोजी, तुमचे हे म्हणाले, बा राखणदारा, हे ठिकाण आम्ही सोडतोय. तुला मोकळा करतोय. आजपासून तुझं-आमचं काही नाही. तुम्ही बांधावरून होय महाराजा म्हटलाव, म्हणून मी गप ऱ्हायले."

दगडाचं मी जेसीबीवाल्याला विचारलं. तो शपथेवर म्हणाला, "काकी, असा दगड मी हलवीनच कशाला? मी आलो तेव्हा तिथे नुसता खळगा होता."

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू ऐकली नसतीस. आणि फिरवलं ना तुला? काय कमी केलं?" मी म्हातारा, बस, सगळं सांगितलं. हे म्हणाले, वय झालं तुझं. मग टिश्यू उलगडून माती दाखवली. हे उठून गॅलरीत गेले.

माती अजून माझ्याकडे आहे, लॅबमधल्या एका जुन्या बाटलीत. बोस्टनच्या बसमध्ये ती कुठून आली, मला सांगता येत नाही. चपलेला लागून गेली असेल म्हणाल, तर चपला तिथेच नव्या घेतल्या होत्या. भास म्हणाल, तर बाटली समोर आहे.

ह्यांनी मला फसवलं, ते एक वेळ मी पचवीन. पण त्या म्हाताऱ्याला मोकळं करताना सगळ्यात मोठा होकार माझा होता. आणि तो विचारायला माझ्याकडेच आला, तेव्हा मीच त्याला सांगितलं, घरी जा.