सोमाजी हातमागची पाटी

गुलाबकाका पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. हातात कागदाचा तुकडा आणि बॉलपेन. म्हणाले, "पोरी, मी एक शब्द म्हणतो, तू इंग्रजीत लिहून दे." मी लिहिला. त्यांनी पाहिला, घडी करून खिशात टाकला आणि जिना उतरून गेले. आम्ही नागपुरात हुडकेश्वरच्या त्या घरात वरच्या मजल्यावर नुकतेच भाड्याने आलो होतो, सामानही सोडलं नव्हतं. आई म्हणाली, जनगणनावाले होते का गं? मी म्हटलं, अगं, घरमालक आहेत.

मग कळलं की हे ते सगळ्यांनाच करतात. भाजीवाल्याला, गॅस सिलिंडरवाल्याला, मंदिरासमोर ऑटो लावून बसणाऱ्याला. काका टपाल खात्यातून रिटायर झालेले, मूळ उमरेडच्या विणकर घरातले. रिटायर झालेली माणसं बेसा रोडला प्लॉट घेतात, काकांनी डोमेन घेतले. म्हणजे वेबसाइटची नावं हो. चांगलं नाव दुसऱ्याच्या आधी आपण घेऊन ठेवायचं, दरवर्षी त्याचं भाडं भरायचं, आणि ज्याला त्या नावाने धंदा करायचा तो एक दिवस आपल्याला शोधत येतो. पाच जणांनी एकसारखं लिहून दिलं तरच काका ते नाव घ्यायचे. "टपालात जिंदगी गेली माही," म्हणायचे. "ज्या नावाची चिठ्ठी पोचत नाही ते कितीबी सुंदर असो, आपल्या कामाचं नाही. अन् म्हणताना जीभ अडखळली का सोडून द्यायचं."

मला तर नादच लागला. ऑफिसमधून आले की बॅग वर टाकून सरळ काकांच्या कॉम्प्युटरसमोर. काकू पोह्यांची प्लेट ठेवून टोमणा मारायच्या की दोघंही हवेत प्लॉट पाडून राहिले. एकदा रामदासपेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांना काकांकडचं नाव हवं होतं. त्यांची मेल आली, काकांनी चार दिवस उत्तरच दिलं नाही. मी तडफडत होते. काका शांत. "आपल्याले घाई आहे हे समोरच्याले दिसू द्यायचं नाही वं." पाचव्या दिवशी स्वतः दवाखान्यात गेले, सौदा केला आणि वरून दाढ भरून घेऊन आले. आठवडाभर सगळ्यांना तोंड उघडून दाखवत होते.

पण त्यांचा मोठा नियम वेगळाच होता. जीव लावायचा नाही. वहीत प्रत्येक नावासमोर कोणी कधी विचारलं ते लिहिलेलं असायचं. दोन वर्षं कोणीच विचारलं नाही तर भाडं भरायचं नाही, नाव जाऊ द्यायचं. मी एक नाव घेतलं होतं, चांदणवेल. मला ते इतकं आवडायचं की मी मनात त्याचं दुकानही सजवून ठेवलं होतं. दोन वर्षं झाली आणि काकांनी ते माझ्याच हाताने सोडायला लावलं. मी फुगून बसले. तर म्हणतात, "रुसू नको वं. प्लॉट होय तो. प्लॉटले कोणी कडेवर घेते का?"

गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं, मग आरामासाठी मनीषनगरला मुलीकडे राहिले. ताईने त्यांचा मोबाइलही काढून घेतला होता. जाताना वही आणि पासवर्ड माझ्याकडे दिला. म्हणाले, नियम तुले माहीत आहे, तूच पाहा. मला काय वाटलं असेल सांगा! मी रोज वही उघडायची. ज्याला कोणी विचारलं त्याचं भाडं भरायची, बाकीची सोडायची. त्यात एक नाव होतं, सोमाजीहातमागउमरेड. लांबलचक, म्हणताना तीन ठिकाणी अडखळायला होतं, समोर एकही नोंद नाही. मी मनात म्हटलं, हे काकांनी कसं काय घेतलं? आणि पान उघडूनही न पाहता सोडून दिलं. खरं सांगते, मला अभिमान वाटला होता.

तीन महिन्यांनी काका घरी आले. शर्टात अर्धेच उरले होते. चहाही न घेता कॉम्प्युटरपाशी बसले आणि एका बोटाने तेच नाव टाइप केलं. पान उघडलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे नाव विकायचं आहे. काकांना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी परत टाइप केलं, एकेक अक्षर पाहून. मी म्हटलं, "काका, ते मी सोडलं. कोणी विचारलं नव्हतं ना."

काकांनी काकूंना पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"माह्या बाबाची पाटी होय ते," ग्लास खाली ठेवून म्हणाले. "उमरेडच्या घरावर होती. शालिक वाचाले त्याच पाटीवर शिकला."

शालिक म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मला तो माहीतच नव्हता. बाबा गेल्यावर काकांनी माग विकले. शालिकला ते सहन झालं नाही. तो भांडून सुरतेला गेला, पत्ता दिला नाही. काकांनी मिळेल त्या पत्त्यावर पत्रं टाकली, सगळी परत आली. जिंदगीभर दुसऱ्यांची पत्रं पोचवणारा माणूस, आणि त्याची स्वतःची परत येत होती. पुढे उमरेडचं घरही विकलं. भाऊ कधी आला तर कुठे येईल? म्हणून काकांनी पाटी इथे लावली. त्या पानावर दोनच ओळी होत्या. 'शालिक, मी नागपूरले राहतो. फोन कर.' आणि खाली नंबर.

मी रडायलाच लागले. म्हटलं, "काका, मला सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? तुलेच म्हणत होतो ना, जीव लावायचा नाही म्हणून."

मी विचारलं, एवढं अवघड नाव कोणी घेतलंच कशाला? काका म्हणाले, सुटलेली नावं विकणाऱ्यांचं मशीन आपोआप घेते. रोज कोणीतरी ते नाव उघडून पाहते, एवढंच त्याला दिसते, त्याला वाटते गिऱ्हाईक आहे. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "तो मीच होतो वं. रोज सकाळी चहाच्या आधी पाहत होतो, पाटी सरळ आहे का नाही."

मी म्हटलं, नवीन मालकाला मी मेल करते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवं म्हणून, म्हणजे आपली घाई दिसणार नाही. काकांनी नाही म्हणून मान हलवली. "खरं तेच लिही. मले पाहिजे. भावासाठी पाहिजे." मी तसंच लिहिलं. चार दिवस गेले, महिना गेला, उत्तर नाही. काका रोज सकाळी जिन्याखालून विचारायचे, आलं का काही? मी वरून नाही म्हणायची. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दिवाळीच्या आधी एका सकाळी जिन्याखालून आवाज आला नाही. मी खाली धावले, तर काकू दारात उभ्या होत्या.

या वर्षी त्या मालकाने ते नाव सोडलं. त्यालाही कोणी गिऱ्हाईक मिळालं नसणार. आमची मेल त्याने उघडलीच नसावी. मी टपूनच बसले होते, सुटल्या सुटल्या घेतलं. त्याच दोन ओळी, तोच नंबर. मजकूर बदलायचं मन झालं नाही. काकूंनी काकांचा मोबाइल माझ्याकडे दिला आहे, मी तो रोज चार्ज करते, रिचार्ज संपू देत नाही. सकाळी चहाच्या आधी पान उघडून पाहते.

फोन आला तर शालिककाका पहिले हेच विचारतील, गुलाबभाऊ कुठे आहे? काय सांगायचं ते मी रोज एकटीच म्हणून पाहते. दुसऱ्या शब्दालाच जीभ अडखळते.